डस्टचा खोकला

क्षयरोगातून बऱ्या झालेल्या मुलीनं काहीतरी प्रेरणादायी लिहावं, अशी आमच्या भागातल्या डॉक्टर मॅडमची इच्छा आहे. नव्या पेशंटना धीर येतो म्हणे. मॅडम मला आवडतात, म्हणून लिहायला बसले आहे. पण प्रेरणादायी जमणार नाही, हे त्यांना आधीच सांगून टाकलंय. आजारानं मला नम्र केलं, माणसं ओळखायला शिकवलं, असलं काही झालेलं नाही. माणसं मला आधीही ओळखता येत होती. आजारपणात ती फक्त मास्क लावून आली.

चंद्रपूरची हवा

माझं गाव धानोरा तालुक्यात, जंगलाला लागून. बी.एस्सी.साठी मी चंद्रपूरला गेले आणि कॉलेजच्याच वसतिगृहात राहिले.

चंद्रपुरात सगळे खोकतात. कोळसा, ट्रक, चिमण्यांचा धूर, रस्त्याच्या कडेला साचलेली काळी भुकटी. पांढरी ओढणी गच्चीवर वाळत घातली की संध्याकाळी राखाडी होऊन खाली येते. त्यामुळे खोकल्याला तिथं कोणी आजार म्हणत नाही. खोकणारा गळ्याला हात लावतो आणि म्हणतो, "डस्ट आहे." ऐकणारा मान डोलावतो आणि पुढचं बोलायला लागतो. औषधाच्या दुकानात गेलं तर दुकानदार वर न बघताच सिरपची बाटली काढून ठेवतो. ऑटोवाला खोकला, डस्ट. प्राचार्य मॅडम भाषणात अडखळल्या, डस्ट. माझी खोलीतली मैत्रीण पायल बल्लारपूरची. ती तर उशाशी सिरप घेऊनच झोपायची.

ही सवलत फक्त तिथल्या माणसांना असते, हे मला नंतर कळलं. जंगलातून आलेली मुलगी खोकली तर तिला डस्ट लागू होत नाही. तिच्या गावची हवा चांगली, म्हणून तिचा खोकला वाईट.

जंगलाची पुकार

आमच्या कॉलेजात नाच-गाणी बसवणारे एक कल्चरल सर होते. नाव लिहून मी त्यांना मोठं करणार नाही. माजरीकडून रोज बसनं यायचे, शिकवायचे वाणिज्य, आणि गळ्यात शबनम पिशवी अडकवून कलावंत असायचे.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवात आदिवासी समूहनृत्य बसवायचं ठरलं आणि मला बोलावणं आलं. वर्गात ज्यांना माझं नाव आठवत नव्हतं, त्यांना माझी जमात बरोबर माहीत होती. सर आम्हाला रेला, म्हणजे आमचा गोंडी नाच, शिकवणार होते. मला, रेला! आमच्या गावात पोरगी नीट चालायला लागली की रांगेत हात धरून उभी राहते. तिला कोणी रेला शिकवत नाही. सर तो मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले होते. दुसऱ्याच तालमीला त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "सगुणा, तुझं पाऊल जरा आदिवासी वाटत नाहीये."

माझ्या शेजारी रांगेत उभी असलेली पायल एवढी हसली की तिला खोकल्याची उबळ आली.

गाण्यात 'पुंगार' असा शब्द होता. गोंडीत पुंगार म्हणजे फूल. सरांनी व्हिडिओत ऐकलं 'पुकार' आणि तेच बसवलं. मोहाच्या झाडाखाली फूल पडलंय असं साधं गाणं, त्यात आता मोहाखाली पुकार पडायला लागली.

मी म्हटलं, "सर, पुंगार आहे ते. फूल."

"अगं, लोकगीतात पाठभेद असतात," सर म्हणाले. "आणि पुकार जास्त पोचतं. जंगलाची पुकार!"

मग सगळी टीम गळा काढून पुकार, पुकार गात राहिली. मीही गायले, कारण रांगेत एकटीनं वेगळा शब्द गायला तर पाय चुकतो.

तालमी ए.व्ही. रूममध्ये व्हायच्या. डस्ट येते म्हणून त्या खोलीच्या खिडक्या तपकिरी चिकटपट्टीनं कायमच्या बंद केलेल्या. दार लावून, घामाघूम होऊन, आम्ही आठजणी एकमेकींच्या तोंडावर गायचो. सर समोर उभे राहून ताल द्यायचे आणि मधेच हातरुमाल तोंडाला लावायचे. "डस्ट," म्हणायचे आणि पुन्हा ताल. पावसाळ्यात ते चांगलेच वाळले होते. स्टाफरूममध्ये सगळे त्यांना विचारायचे, सर, कुठलं डाएट करता?

आमचा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी पुकार या शब्दाचं खास कौतुक केलं.

डबी

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मलाही खोकला होता आणि संध्याकाळ झाली की अंग तापायचं. सलवारची नाडी आवळून आवळून बांधावी लागत होती. मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं. चंद्रपूरचं पाणी लागलं होतं, दुसरं काय.

आमच्या घरात आई, मी आणि दलसूमामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बाबा गेले तेव्हापासून तो आमच्याकडेच राहतो. धान तोच करतो, तेंदूच्या दिवसांत पानं तोच बांधतो, आणि मला पहिल्यांदा चंद्रपूरला सोडायलाही तोच आला होता. मागे त्याला टीबी झाला होता. गोळ्यांचा कोर्स त्यानं एकही दिवस न चुकवता पुरा केला आणि ठणठणीत झाला. त्यामुळे खोकल्याकडे तो आमच्या घरातल्या डॉक्टरसारखा बघतो.

मी अंगणात बसले होते. तो दोरी वळत होता. माझा खोकला त्यानं ऐकला, हात थांबवला आणि म्हणाला, "हा खोकला कवापासून हाये वं तुले?"

"डस्ट हाये मामा."

"डस्ट म्हंजे का?"

"धूळ. चंद्रपूरची."

"इथी कुठी हाये चंद्रपूर? इथी येऊन कितीक दिवस झाले, तुही धूळ अजून नाई गेली?" तो उठून जवळ आला आणि माझ्या कपाळाला हात लावला. "सांजच्यालेच तपते ना आंग? उद्या दवाखान्यात डबी देऊ आपण. सकाळचा बेडका पायजे. वरवरचा थुंका नोको, छातीतून काढजो."

शहरातल्या कुठल्याही शिकलेल्या माणसानं मला हे विचारलं नव्हतं. त्यांनी सिरप दिलं होतं.

सकाळी मामानं मोटरसायकलवर बसवून मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. रिपोर्ट यायला थोडे दिवस लागले. तो आणायलाही आम्ही दोघंच गेलो. तिथले डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, "निघालाय. पण औषधं लागू पडतील, बरी होशील." मग त्यांनी मान वर केली. "घरात आधी कोणाला होता का?"

मी मामाकडे बघितलं नाही. मामाच म्हणाला, "मले होता."

डॉक्टरांनी मान डोलावली, चंद्रपूरची माणसं डस्टला डोलावतात तशीच. त्यांचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

घरी आईनं ऐकलं, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "तुह्यापासून लागलं दलसू पोरीले."

मी म्हटलं, "माय, तो बरा झालाय. कधीचा." आणि मग मला कोणापासून लागलं, ते मी मनात शोधायला लागले.

मामानं आपली ताटली घेतली, पांघरूण घेतलं आणि शेतावरच्या झोपडीत राहायला गेला. त्याला जा असं कोणी म्हटलं नाही. थांब असंही कोणी म्हटलं नाही.

वॉर्ड

छातीत पाणी झालं होतं म्हणून गडचिरोलीला भरती व्हावं लागलं. पाठीतून सुई घालून पाणी काढतात. दुखतं. दुखत नाही असं जो सांगतो त्याच्या पाठीत कोणी सुई घातलेली नसते.

सकाळी उपाशीपोटी गोळ्या, मग मळमळ, मग उकडलेलं अंडं, त्याच्या वासानं पुन्हा मळमळ. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली. मी रक्त समजून भिंतीला धरून रडले. गोळ्यांचा रंग असतो तो. हे गोळी देतानाच सांगायला हवं. नवीन पेशंट वाचत असतील तर एवढं लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

भेटायला येणाऱ्यांचं एक वेगळंच खातं असतं. गावाकडची एक बाई दारातूनच, पदर नाकाला लावून म्हणाली, "बरं झालं, लगनाच्या आधीच माहीत पडलं." दुसऱ्या एकानं माझ्या बिछान्यापासून लांब उभं राहून मला लांब श्वास घ्यायचा व्यायाम शिकवला. माझ्या छातीत तेव्हा नळी होती. आणि मोबाइलवर रोज फुलांचे फोटो, त्यावर 'सकारात्मक राहा'. तपासणीत मी पॉझिटिव्हच निघाले होते, आणखी किती राहायचं?

माझ्या शेजारच्या खाटेवर सिरोंचाची एक म्हातारी होती. ती तेलुगू बोलायची, आणि मला तेलुगू येत नाही. जेवणाचं ताट आलं की मी भिंतीकडे तोंड करायचे. ती खाटेवरून वाकून म्हणायची, "तिनु." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकून वळले. आमच्या गोंडीत 'तिन्' म्हणजे खा. तिच्याकडे तेच, माझ्याकडे तेच. घरून आणलेल्या कैरीच्या लोणच्याची फोड तिनं माझ्या भातावर ठेवली आणि पुन्हा म्हणाली, "तिनु." मी खाल्लं. आमच्या दोघींत एवढा एकच शब्द होता आणि तो दिवसातून दोनदा पुरायचा. त्या वॉर्डातली ती एकटीच, जिच्यावर मला राग काढता आला नाही.

मरायची भीती मला वाटायची, नाही म्हणणार नाही. पण त्याहून जास्त भीती होती मामाची. मी मेले असते तर तो आयुष्यभर स्वतःला खुनी समजून त्या झोपडीत बसला असता. तो मला भेटायला एकदाही आला नाही. आईकडे निरोप पाठवायचा: "म्या नाई येत. पुन्हा काई देऊन बसन."

गादीचा अंत्यसंस्कार

कॉलेजला मी स्वतः फोन करून कळवलं. खोलीतल्या मुलींनी तपासून घ्यावं म्हणून. असला प्रामाणिकपणा कोणी करत असेल तर करा, पण आधी आपलं सामान घरी आणा.

पुढचं पायलनं फोनवर सांगितलं. वसतिगृहाच्या मागे माझी गादी जाळली. गादी वसतिगृहाचीच होती, आणि टीबी गादीतून पसरत नाही, हे आमच्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना ठाऊक असायला हवं. त्या तिथं नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. खोलीत एवढं फिनाईल ओतलं की पायलला तिथं बसवेना. माझं ताट मेसच्या भांड्यांतून वेगळं काढलं. ए.व्ही. रूमची चिकटपट्टी मात्र कोणी काढली नाही. खिडकी उघडायला लागते ती अक्कल, फिनाईलला बाटली पुरते.

मग प्राचार्य मॅडमनी सभा घेतली. दुर्गम भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी प्रवेशाच्या आधीच झाली पाहिजे, संसर्ग तिकडून येतो, असं त्या म्हणाल्या. म्हणजे मी. दुर्गम भाग कॉलेजात मी एकटीच नव्हते, पण सगळ्यांनी बघितलं माझ्याच रिकाम्या जागेकडे. कल्चरल सर व्यासपीठावर होते. पायल म्हणाली, ते मान हलवत होते आणि खोकत होते.

औषधं सुरू होऊन थोडे आठवडे गेले की बहुतेकांकडून दुसऱ्याला लागण होत नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. कॉलेजनं उत्तर दिलं, वसतिगृहाचा विचार पुढच्या वर्षी करू. मग थंडीभर मी घरी होते. आई दुपारी मामाची भाकर बांधायची, शेताच्या बांधावर ठेवायची आणि मागे फिरायची. ती गेली की तो येऊन उचलायचा. सख्खी भावंडं. मी हे लांबून बघायचे आणि माझ्या अंगात जो संताप भरायचा, त्याला कुठं ठेवावं ते कळायचं नाही.

पुंगार

मग पायललाही टीबी निघाला. तिच्यामागून रांगेतल्या आणखी तिघींना. डस्टचं सिरप पिऊन पिऊन त्यांनी महिने काढले होते.

प्राचार्य मॅडमचा फोन आला. आवाजात गूळ. "सगुणा, बेटा, तुझ्या गावात आणखी कोणाकोणाला आहे? चौकशीत सांगावं लागतं गं."

"मॅडम, तुमच्या कॉलेजात आता माझ्या गावापेक्षा जास्त आहेत," मी म्हटलं.

त्यांना ते उद्धट वाटलं. होतंच ते.

दोन्ही जिल्ह्यांच्या तपासाला आलेल्या डॉक्टर मॅडम, मला हे लिहायला सांगणाऱ्या त्याच, मात्र वेगळ्या निघाल्या. तरुण, पायात साध्या चपला, बोलणं थेट. मी पहिली सापडले म्हणून मीच पहिली आजारी, हे त्यांनी मानलंच नाही. त्यांनी ए.व्ही. रूममध्ये जाऊन पहिल्यांदा ती चिकटपट्टी फाडली, आणि तालमीला येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी लावली. प्रत्येकाची म्हणजे सरांचीही. सर म्हणाले म्हणे, "माझं डस्टचं जुनं आहे." मॅडम म्हणाल्या, "डबी नवीन आहे."

मग त्या आमच्या गावी आल्या आणि थेट शेतावर मामाकडे गेल्या. मी बरोबर होते. मामा झोपडीबाहेर येऊन लांबच उभा राहिला. त्यानं त्यांना आधी जोहार केला आणि म्हणाला, "लिहून घ्या बाई. म्याच देल्ला पोरीले."

"ते तुमच्या सांगण्यावर नाही ठरत, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "ते जंतू सांगतो."

मामानं माझ्याकडे बघितलं. मॅडम शेताच्या बांधावर बसल्या आणि आम्हाला समजावून सांगायला लागल्या. जंतू वाढतो तेव्हा स्वतःची नक्कल करतो. नक्कल करताना क्वचित कुठं एखादं अक्षर चुकतं. पुढच्या नकलेत ती चूक तशीच उतरते. म्हणून ज्याच्याकडून आजार लागला, त्याच्या जंतूतल्या चुका आणि आपल्या जंतूतल्या चुका जवळजवळ सारख्या निघतात. मोठ्या प्रयोगशाळेत जंतूची सगळी अक्षरं वाचता येतात. मामाच्या वेळी औषधं लागू पडतात का हे बघायला त्याचा नमुना तिथंच गेला होता आणि तो अजून जपून ठेवलेला होता.

मामाला त्यातलं काही उमगलं नाही. मला मात्र एकदम दिसलं.

"म्हणजे पुकार!" मी म्हटलं.

मॅडमना कळेना. मी त्यांना गाणं सांगितलं. आमच्या गावात कोणीही गायलं तर पुंगार म्हणणार. सरांकडून शिकलेली प्रत्येक पोरगी पुकार म्हणते. उद्या कुठल्याही गावात कोणी मोहाखाली पुकार गात असेल, तर विचारायची गरज नाही, गाणं कुठल्या खोलीतून आलं.

मॅडम हसल्या. "माझ्यापेक्षा बरं सांगितलंस. आता तुझ्यात काय आहे ते बघू, पुंगार की पुकार."

एवढ्या महिन्यांनंतर मामा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "पुकार म्हंजे का वं?"

"काईच नाई मामा. चूक हाये ती."

बोट दाखवण्याची वेळ

अक्षरं वाचून यायला बरेच दिवस गेले. तेवढ्यात मोहाला फुलं लागली. गोळ्या घ्यायला मी दवाखान्यात गेले होते, तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला बाजूला बोलावलं. दुसऱ्या पेशंटबद्दल मी सांगू शकत नाही, तुझं सांगते, म्हणाल्या. माझा आणि मामाचा जंतू एकमेकांच्या नात्यातलेसुद्धा नव्हते. कॉलेजात सापडलेल्या सहा जणांचा मात्र एकच होता, आणि त्या सहांत मी होते.

मी बाकड्यावर बसले आणि रडले. आनंदानं नाही. बांधावर ठेवलेल्या त्या भाकरी आठवून रडले.

मोजायला मला प्रयोगशाळा लागत नव्हती. मी, पायल आणि रांगेतल्या त्या तिघी. सहावा कोण, ते मॅडमनी सांगितलं नाही. कॉलेजनं सांगितलं, स्वतःच्या पद्धतीनं: कल्चरल सर प्रकृतीच्या कारणानं दीर्घ रजेवर. त्यांच्या छातीच्या एक्स-रेत जुनी पोकळी होती, हे पुढे त्यांनीच कोणाला तरी सांगितलं. आमच्या कोणाच्याही आधीपासूनची.

प्राचार्य मॅडमनी पुन्हा सभा घेतली. पायलनं मला फोन लावून तो चालू ठेवला, म्हणून शब्द मी स्वतः ऐकले आहेत. "ही कोणाकडे बोट दाखवण्याची वेळ नाही," मॅडम म्हणाल्या. "आजार कोणालाही होऊ शकतो." टाळ्या पडल्या. मी हे ऐकताना घरी शेंगा सोलत होते. माझ्या वेळी बोट होतं, आणि वेळही होती, आणि जाळायला गादीही होती. सरांची खुर्ची कोणी जाळली नाही. जाळू नयेच. पण जाळायचं सुचलंसुद्धा नाही, ते मला विसरता येत नाही.

वसतिगृहाची जागा परत मिळाली. 'सहानुभूतीपूर्वक' असा शब्द वापरला होता. मी परत गेले, कारण डिग्री माझी आहे, त्यांची नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात एकदा सर दिसले. गोळ्यांच्या खिडकीपुढे, मास्क लावून, शबनम पिशवी छातीशी धरून. मी त्यांच्या मागे येऊन उभी राहिले. त्यांनी ओळखलं. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "सगुणा... डस्टमुळे लक्षातच आलं नाही गं."

तोंडावर टाकायला माझ्याकडे वर्षभराचं सामान होतं. गादी, ताट, बांधावरची भाकर. पण शर्टाच्या कॉलरमध्ये त्यांची मान काडीसारखी दिसत होती.

"लघवी लाल होत असेल सर," मी म्हटलं. "घाबरू नका. गोळ्यांचा रंग असतो." मग म्हटलं, "आणि शब्द पुंगार आहे."

त्यांनी मान हलवली. पाठभेद म्हणाले नाहीत.

ताटली

या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि हे लिहायला बसले ती खरं तर तेवढ्यासाठी.

निकाल कळला त्या दिवशी मी दवाखान्यातून घरी न जाता तशीच शेतावर गेले. मामा मोहाखालचा पालापाचोळा झाडत होता. मला बघून मागे सरकला.

"सरकू नोको," मी म्हटलं. "तुहा वेगळा हाये, माहा वेगळा. तू नाई देल्ला मले."

त्यानं झाडू खाली ठेवला. "कोण म्हणते?"

"जंतू म्हणते. तुह्यात पुंगार, माह्यात पुकार. आमच्या कॉलेजातच लागला मले. त्या गाण्याच्या खोलीत."

त्यानं खाली पडलेलं एक फूल उचललं. मग त्यानं विचारलं, "मंग ज्यानं तुले देल्ला, त्याले कोणी देल्ला?"

"मले का माहीत?"

"त्यालेई कोणी देल्लाच असन ना." मामा म्हणाला. "त्याच्या घरचे त्याले भाकर हातात देतेत का नाई?"

मला राग आला. मी इतका मोठा निरोप घेऊन धावत आले होते आणि हा माणूस त्या शबनमवाल्याच्या भाकरीची काळजी करत होता. मी म्हटलं, "मामा, त्याची चिंता नोको करू. तुही ताटली घे आन् घरी चाल."

तो आला. आई चुलीपाशी होती. त्याच्या हातातली ताटली तिनं बघितली, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि न विचारताच तिला सगळं कळलं. माफी वगैरे आमच्याकडे मागत नाहीत. तिनं त्याच्या हातातून ताटली घेतली, घासली आणि आमच्या दोघींच्या ताटांच्या मधे ठेवली. मग भात वाढला, आणि डोळे पुसायला ती फोडणीचं निमित्त करून चुलीकडे वळली. मिरची तडतडली. घरभर तिखट धूर पसरला.

मामाला ठसका लागला.

आईचा हात थांबला. माझा घास थांबला. मामा खोकत होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो, आणि आम्ही बघतोय हे त्यालाही दिसत होतं. क्षणभर मला वाटलं, आता तो पुन्हा ताटली उचलणार.

त्यानं गळ्याला हात लावला, अगदी चंद्रपूरच्या माणसासारखा, आणि म्हणाला, "डस्ट हाये."

आई आधी हसली. मग मी. मग तो स्वतः, खोकत खोकत. एवढे हसलो की शेजारची बाई कुडापाशी येऊन बघून गेली.

हसून झाल्यावर मी उठले, दवाखान्याच्या पिशवीतून माझ्या पुढच्या तपासणीची कोरी डबी काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"सकाळचा पायजे मामा," मी म्हटलं. "छातीतून काढजो."